एक्केचाळीस होड्या

दिवाळे कोळीवाड्याच्या सोसायटीची डिझेलची वही
मी कॉम्प्युटरवर चढवली. दोन तक्ते :
होड्या एक्केचाळीस, मार्चच्या नोंदी तीनशे बारा.
पहिल्या दिवशी दोघांच्या मध्ये नुसता कॉमा टाकला
आणि आल्या बारा हजार सातशे ब्याण्णव ओळी.
सेक्रेटरी धर्माजी चष्मा पुसत म्हणाले,
एवढ्या होड्या लावायला
खाडी उरणपर्यंत रुंद करावी लागेल.

नेरूळच्या क्लासचे खारकर सर फोनवर हसले नाहीत.
प्रत्येक होडीचं प्रत्येक कॅनशी लग्न लावलंस तू.
कोण कोणाचं ते सांग आधी.
सांगितलं : नाव बरोबर नाव.
ओळी तीनशे तीन. होड्या छत्तीस.

हिराबाई तांडेल टोपली टेकवून दारातच :
माजी होरी कं गेली गो?
तिला काय सांगू, की हा जॉइन आहे,
दोन्ही तक्त्यांत पाय असेल तोच आत येतो.

लेफ्ट जॉइन कर, सर म्हणाले.
डावीकडचं कुणी गाळायचं नाही,
उजवीकडे काही नसलं तरी.
केलं. तरी छत्तीसच.
ओहोटी लागली, बंदराला चिखल आला,
तेव्हा दिसलं : खाली व्हेअरमध्ये मीच लिहिलेलं
महिना बरोबर मार्च.
ज्यांना महिनाच नाही त्यांना पुढच्या दाराने घेऊन
मागच्या दाराने काढत होते मी.
अट उचलून ऑनशेजारी ठेवली.

एक्केचाळीस.

पाच ओळींत लिटरचा रकाना रिकामा.
फक्त त्या पाच हव्यात म्हणून लिहिलं, लिटर बरोबर नल.
एकही आली नाही. चूकही दाखवली नाही, नुसतं गप्प.
जे ठाऊकच नाही, सर म्हणाले,
ते कशाच्या बरोबर कसं असेल?
बरोबरचं चिन्ह काढ. इज नल लिही.

वही बगलेत मारून जेट्टीवर गेले.
'हरबादेवी' कलंडलेली, तळाला डांबर चाललंय.
'जलपरी'चं इंजिन दुरुस्तीला करंज्याला.
'सोनसाखळी' दिवाळीतच विकलेली, नाव कुणी कापलं नाही.
आणि हिराबाईची 'वेताळ कृपा' :
नऊ पावत्या तिच्या पदराच्या गाठीत.
नोंदी टाइप करताना दोन शब्दांमध्ये
माझा अंगठा दोनदा टेकला होता,
तेवढ्या मोकळ्या जागेतून होडी दोर सोडून गेली.
(आता प्रत्येकीला नंबर दिलाय. नावावर भरवसा नाही.)

पाचवी 'चंद्रकोर', मालक पद्माकर.
होडी नाही, जाळी नाहीत. कुणी म्हणतं गुजरातकडे,
कुणी म्हणतं, विचारू नको.

धर्माजी म्हणतात, सगळीकडे शून्य टाक, अहवाल स्वच्छ दिसतो.
गावाचं नावच दिवाळे, शून्याची आम्हाला लाज नाही.
पण शून्य म्हणजे मोजलं, आणि भरलं नाही.
'हरबादेवी'ला टाकलं. 'जलपरी'ला टाकलं.
'सोनसाखळी' पुसण्याआधी त्याच अटीने
सिलेक्ट करून पाहिलं, एकच ओळ ना? एकच. मग पुसली.
'चंद्रकोर'चा रकाना तसाच.

हिराबाईने पडद्यावर बोट टेकून आपली होडी शोधली.
चौदाव्या ओळीवर
एक खवला चिकटून राहिला.