सात शेअर

डुलुथ, मिनेसोटा. सकाळचे आठ सत्तावीस.
शेवटचं पोर शाळेच्या दारात उतरवून
एक्केचाळीस नंबरची बस मी सरोवराकाठी लावते.
हीटर चालू. उजवा हातमोजा दातांनी ओढून काढते,
लोकरीचं बोट फोन ओळखत नाही.

दोनशे शेअर. चौदा डॉलर वीस सेंट.
वर एक सेंटही नाही.
कंपनी मालगाड्यांचे ब्रेक बनवते.
माझे वडील, रेइनो, आयुष्यभर ब्रेकच तपासत आले,
तेवढ्यावर मला वाटतं, तिचं मला कळतं.

साडेआठ. भाव उतरतो.
चौदा तीस, चौदा बावीस,
चौदा वीस.
टेकला. या डोळ्यांनी पाहिला.
चिमणी तारेला टेकावी तसा टेकला
आणि उडाला, चौदा चाळीस, चौदा सत्तर.
पडद्यावर हिरवी पट्टी: ऑर्डर अंशतः पूर्ण.
दोनशेंपैकी सात.

सात!
दात कोरून पोट भरतं का कुणाचं?

फोन लावला. सव्वीस मिनिटं सॅक्सोफोन.
मग ब्रॅक्स्टन नावाचा कुणी मुलगा, आवाज लोण्यासारखा:
"मॅडम, भाव आला होता, पण तुमच्या पुढे रांग होती."
रांग. मला सांगतो.
एकोणीस वर्षं मी रांगाच बघतेय,
कोण मध्ये घुसला, कुणी कुणाची टोपी उडवली,
आरशात सगळं दिसतं.
"कोण होतं पुढे?"
"ते आम्हालाही दिसत नाही, मॅडम."

दलाली शून्य, म्हणून तर यांच्याकडे आले.
कराराच्या एकतिसाव्या पानावर बारीक अक्षरांत आहे,
माझी ऑर्डर आधी दुसऱ्याच कुणाला विकतात.
कुठेतरी न्यू जर्सीत, खिडक्या नसलेल्या गोदामात
रुमालाखाली बोटं दाबून ठरावा तसा सौदा ठरतो,
फक्त तिथे बोटंही नसतात.

आणि मागच्या गुरुवारी, विकताना?
मिळेल त्या भावाने विका म्हटलं
तर पापणी लवायच्या आत सगळे गेले,
दिवसातल्या सगळ्यात खालच्या भावाला.
तेव्हा कुठे गेली होती रांग?

पावणेतीनला पुन्हा शाळा.
ऑगी टर्नक्विस्ट, दुसरीतला, रोजच्यासारखा मागे,
दप्तराचा पट्टा बर्फातून ओढत.
वेळ झाली की दार लावायचं, असा नियम आहे.
लावलंही होतं. गिअर टाकला होता.
त्याचा पंजा काचेला टेकला.
उघडलं. काय करणार?
"थँक यू" म्हणायचं तो आजही विसरला.

तीनला उरलेली ऑर्डर आपोआप रद्द झाली,
मी तेव्हा चढावर होते, दोन्ही हात चाकावर.

रात्री मटाराचं सूप गरम करता करता
खातं उघडून पाहिलं.
सात आहेत. जागच्या जागी.
विकावे का? नको, राहू देत.
उद्या आठ सत्तावीसला पुन्हा टाकते,
चौदा वीसलाच.
एकशे त्र्याण्णव राहिलेत.