सप्टेंबरचं पीक

व्हर्ना एस्टाब्रुक्स वहीत लिहिते: खोल्या चार, भरल्या दोन.
पेन्सिल ओठांत धरून खिडकीबाहेर बघते.
ओहोटी लागली आहे. खाडीचा तळ उघडा पडलाय,
तांबडा, निसरडा, नुकत्याच सोललेल्या कातड्यासारखा.

ही जमीन मुळात समुद्राची.
फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी बांध घातले,
बांधाच्या पोटात लाकडी झडप बसवली:
गोडं पाणी बाहेर जाईल, खारं आत येणार नाही.
मग एका शरदात त्यांनाच जहाजांत कोंबून बाहेर काढलं.
झडप उघडमीट करत राहिली
नव्या मालकांसाठी. तिला काय त्याचं.

त्या जमिनीवर गवत. गवत शहरातल्या घोड्यांना.
आजोबा म्हणायचे, घोडा खातो तोवर आपण जेवतो.
पुढे मोटारी आल्या.

मग ओतशाळा. काळ्या वाळूच्या साच्यांत बिडाच्या चुली,
प्रत्येकीच्या दारावर गावाचं नाव.
बाप घरी आला की आधी भुवया धुवायचा.
शेवटच्या वर्षी घाईत कुणीतरी एक अक्षर उलटं बसवलं,
चाळीस चुली तशाच निघाल्या.
एक अजून हिच्या स्वयंपाकघरात आहे;
वर राउटर ठेवलाय, पोरांना लागतो म्हणून.

विद्यापीठ टेकडीवर तेव्हाही होतं.
त्याची घंटा आणि ओतशाळेचा भोंगा
यांत कायम चार मिनिटांचा फरक.
आता घंटाच खरी.

सप्टेंबरात गाव दुप्पट होतं,
हद्दादच्या पिझ्झाला रात्री दोन वाजता रांग.
मे लागला की म्हातारा हद्दाद भट्टी विझवतो,
दारात खुर्ची टाकून जाणाऱ्यायेणाऱ्याला नावानं हाक मारतो.
अकरा नावं, मग पुन्हा पहिल्यापासून.

नव्या कॅफेतली टेबलं गवताच्या कोठारांच्या फळ्यांची.
व्हर्ना तिथं जात नाही.
पाच डॉलर देऊन आजोबांच्या भिंतीवर कोपर टेकायचं?

यंदा व्हिसा अडकले. लांबची पोरं आलीच नाहीत.
टेकडीवर फ्रेंचचा विभाग बंद करायचं घाटतंय,
परवडत नाही म्हणे.

काल लॅब्राडॉरची एक मुलगी आली, बूट दाराबाहेर काढून.
समुद्र चढतोय, म्हणाली;
बांध किती तग धरेल ते मोजायचंय.
व्हर्नानं विचारलं, किती वर्षं?
"चार," मुलगी म्हणाली, "कोर्स चार वर्षांचा आहे."

व्हर्नानं बांधाचं विचारलं होतं.
पण वहीत लिहिलं: चार.