चाळीस सेंटिमीटर

क्रान्यच्या दवाखान्यात नेवेंकाबाईंनी
फॉर्मवरचे तीन चौकोन दाखवले.
लांबचं. जवळचं. दोन्ही.
दोन्हीचे पैसे वेगळे, डोळ्यामागे अकराशे युरो,
शिवाय रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील थोडी.
होते सवय, म्हणाल्या.
आठवडाभर विचार करा.

आठवडा सरत आलाय.
फॉर्म साखरेच्या डब्याखाली आहे,
त्यावर मेणाचा डाग पडलाय.

विंको म्हणतो, दोन्ही घे.
जन्मभर पेट्या वाहिल्यास,
एकदा तरी महागातलं घे.
छत्रीसुद्धा तो सगळ्यात मोठी घेतो,
दोघांना पुरेल अशी,
आणि बसमध्ये विसरून येतो.

पण रात्री गाडी मी चालवते.
जूनमध्ये, अंधार पडून शेवटची माशी आत आली
की दारं लावायची, चौदा पेट्या मागे बांधायच्या
आणि पोक्ल्युकाचं रान गाठायचं, उजाडायच्या आत.
वळणावर समोरून लाकडांचा ट्रक येतो.
त्याच्या दिव्यांना कडी नकोत मला.
हात जरा हलला
तर चौदा राण्या दरीत.

मग लांबचं?
लांब स्टोलचा डोंगर आहे, तो मला पाठ आहे.
कुठल्या घळीतला बर्फ शेवटी वितळतो
ते डोळे मिटून सांगेन.
त्याच्यासाठी चष्मा लावेन की,
पाहुण्यासाठी लावतात तसा.

जवळ अंडं आहे.
ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू,
मेणाच्या घराच्या तळाशी
सुईत ओवून उरलेल्या दोऱ्याच्या टोकाएवढं,
पहिल्या दिवशी उभं,
दुसऱ्या दिवशी कललेलं,
तिसऱ्या दिवशी आडवं.
उभं दिसलं की राणी शोधायला लागत नाही.
काल ती इथं होती, बास.

दोन वर्षं झाली, मी थापा मारतेय.
फ्रेम उन्हाकडे धरते, मान हलवते,
आहे, आहे, म्हणते, नि झाकण लावते.
एप्रिलात सातव्या पेटीत राणी नव्हतीच.
तीन आठवडे मी
नसलेल्या राणीचा संसार सांभाळला.
पेटी ओस पडली तेव्हा विंकोला म्हटलं,
थंडीनं गेल्या.

मधाचंही तेच.
लिंडनचा मध आता चेस्टनटसारखा दिसतो,
दूध शिळं दिसतं, पांढरा सदरा कुणा दुसऱ्याचा.
बरण्यांवर चिठ्ठ्या लावताना बोट बुडवून चाखते.
गिऱ्हाईक समोर नसलं तर.

बुधवारी रात्री विंकोनं शिवणाची टेप काढली.
माझ्या डोळ्यापासून फ्रेमपर्यंत: चाळीस.
डोळ्यापासून दारातल्या नाशपातीपर्यंत टेप पुरलीच नाही.
मग टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला,
टोक माझ्या हातात दिलं
आणि दुसरं आपल्या नाकाला लावलं.
पंच्याण्णव.
म्हणाला, मी कुठल्या चौकोनात?

मला हसू आलं. त्याला आलं नाही, लगेच तरी.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात,
पण एवढी वर्षं समोर बसलेला माणूस
हातचा की पळता, हे टेपवर लिहिलेलं नसतं.
खुर्ची पुढे घे, म्हटलं.
फरशीवर करकर झाली.
आता तो बहात्तर.
दिसत तसाच होता, ढगातून आल्यासारखा,
मिशीला सूपचा थेंब, किंवा मला वाटलेला थेंब.

डबा बाजूला केला.
मधल्या चौकोनात खूण केली तर
मेणावरून शाई सरकायला लागली,
दोनदा गिरवावं लागलं.

मग सातव्या पेटीचं खरं सांगून टाकलं.
टेप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला,
एप्रिलात थंडी होती कुठे.