अवांतर

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. गावच्या सभागृहातल्या
हीटरला अजून नाणी चारावी लागतात,
म्हणून खजिनदार ऑब्रे पिंचबेक त्याच्याशेजारीच बसतो,
खिशात चिल्लर खुळखुळवत,
थंडी वाजली की आम्ही त्याच्याकडे बघतो
आणि तो दुसरीकडे.

कोंबडी नेहमीसारखी कोरडी.
वाटाणे काट्याखालून निसटतात, आणि दरवर्षी
कुणीतरी म्हणतंच, आपल्या झेलांसारखे.
यंदा ते मीच म्हटलं.

चौदा सामने. अकरा हरलो, दोन पावसानं वाचवले.
एक जिंकलो, कारण समोरच्यांची व्हॅन
मेंढ्यांच्या कळपात अडकली आणि आठच जण पोचले.
करंडक तरी सगळे वाटले जातात.
उत्कृष्ट फलंदाज गॅरेथ, सरासरी एकोणीस,
नावातलं एक अक्षर कोरणाऱ्यानं गिळलेलं.
उत्कृष्ट गोलंदाज इमोजेन, पशुवैद्याची मुलगी,
पंधरा वर्षांची; तिला खेळताना
सरावातसुद्धा आमचे बाप्ये लेगला सरकतात.
आणि सर्वाधिक भोपळ्यांबद्दल मिळणारं लाकडी बदक
सलग तिसऱ्यांदा फर्गस प्लंबरला.
तो म्हणाला, घरी जोडी होतीच,
आता संसार वाढला.

मी वहीवाली. अडतीस मोसम
खोपटाच्या खिडकीत, टोक केलेल्या दोन पेन्सिली
आणि चहाचा थर्मास.
मला बक्षीस नसतं. हिशेब ठेवणाऱ्याचा
हिशेब कोण ठेवणार?

शेवटी तहहयात सदस्यत्व: डेन्झिल क्रॅडॉक.
उठला, गुडघ्यांना विचारत विचारत,
आणि सुरू झालं त्याचं ते अर्धशतक,
आयुष्यातलं एकुलतं एक.
अप्पर थॉर्नलीविरुद्ध, ऑगस्टची संध्याकाळ,
चिंचोळा उजेड, शेवटचा चेंडू, एकोणपन्नासवर तो.
ग्लेनिस, त्याची बायको, पुडिंग खाता खाता
प्रत्येक वाक्य ओठांनी आधीच म्हणत होती.
यंदा चेंडू आणखी वेगानं आला.
यंदा तो कुंपणापर्यंत जवळजवळ गेलाच.

तो गेला नव्हता कुठेच.
पॅडवर आदळला, धप्प, ओल्या गादीवर काठी मारावी तसा,
आणि ते दोघं सुटले जीव खाऊन.
पंच ऑडली मास्तरांनी पाय उचलून
गुडघ्यावर हात ठेवला. लेग बाय.
मी पाहिलं. पण फळ्यावरच्या पोरानं
पन्नासचे पत्रे टांगून टाकले होते,
टाळ्या पडत होत्या, कुणीतरी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवत होतं.
मी एकोणीस वर्षांची. त्यानं बॅट उंचावली ती
खोपटाकडे.
खूण पोचली की हात वर करायचा असतो वहीवाल्यानं.
मी केला नाही. खाली मान घालून
तो एक आकडा अवांतरातून उचलला
आणि त्याच्या नावापुढे ठेवला.

बेरीज चुकली नाही. फक्त घर बदललं.
सामना तसाही तीस धावांनी हरलोच.
थॉर्नलीच्या गोलंदाजावर एक धाव फुकट चढली,
तो पुढे न्यूझीलंडला गेला;
त्या एका धावेमुळे नसावा.

तरीही सांगते, दर नोव्हेंबरला
या गोष्टीपाशी घास अडकतो.

भाषण संपलं. टाळ्या. रॅफल सुरू होणार:
वाइनची बाटली, साबणाची पेटी, भला थोरला दुधीसारखा मॅरो.
डेन्झिल टेबलांमधून परत निघाला,
माझ्यापाशी आला तेव्हा थांबला.
खुर्चीची पाठ धरली,
मोठ्या कष्टानं, कुरकुरत, उजवा पाय
वीतभर वर उचलला
आणि गुडघ्यावर दोनदा हात ठेवला.

म्हणजे, तोही.
इतकी वर्षं, तोही.

तोल सावरत तसाच उभा राहिला, वाट बघत.
ऑब्रेनं नाणं टाकलं असावं, हीटर खोकला.
मी चमचा खाली ठेवला
आणि हात वर केला.