इतर

बुटीबोरीच्या गोदामात
जानेवारीत मोजली मी माणसं.
गळ्यात स्टॉपवॉच, सकाळी आठचं कोवळं ऊन,
रॅक ब-चौदा ते डॉक सहा:
एक पेटी, एक्काहत्तर पावलं, चौऱ्याण्णव सेकंद.
वाकणं चार वेळा. स्कॅन दोनदा.
"अन् दम खाल्ला तं?" टेंभुर्णे म्हणाले.
मी हसले. दमाला रकाना नव्हता,
तो चालण्यातच धरतात.

बंगळुरूने आकडे मान्य केले.
प्रत्येकाला बिल्ला, प्रत्येक बिल्ल्याचं एक नाव,
भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवं, पिवळं, लाल.
रंजू नंदेश्वरने विचारलं,
"म्याडम, लाल झालं तं काय होते?"
म्हटलं, काही नाही. नुसतं दिसतं.
"कोनाले?"

मग मे आला.
पत्र्याखाली शेहेचाळीस.
कूलरमधून येणारी हवासुद्धा उकडलेली,
आणि जानेवारीत मोजलेली माणसं
मी भर दुपारी चालवायला काढलेली.
रस्त्यावरचा पळस केव्हाच झडून गेला होता,
तो अडीच वाजता स्क्रीनवर फुलला.

सिस्टीमला कारण लागतं.
थांबायच्या कारणांची यादी माझीच:
पाणी, एक. शौचालय, दोन.
फोर्कलिफ्टची वाट, तीन. स्कॅनर बंद, चार.
असे सोळा कोड;
संस्कारही तेवढेच असतात.

यात कुठे बसवू
रंजूचा गुडघा? वरच्या फळीवरचं तिचं खोकं
टेंभुर्णे काढून देतात, आपली गाडी मध्येच सोडून.
खोकं तिच्या खात्यात जमा,
वेळ त्यांच्या अंगावर.
इस्माईल नवा आहे, लेबल उलटं चिकटवतो,
कोणीतरी रोज सुलटं करून देतं.
आणि परवा डॉकवर ती सहा मिनिटं:
भंडाऱ्याहून आलेला ट्रकवाला चक्कर येऊन खाली बसला,
त्याच्या डोक्यावर ओला दुपट्टा,
भोवती अख्खी शिफ्ट नुसती उभी.
सहा मिनिटं गुणिले एकोणीस माणसं.

बाबा गिरणीच्या टाइम ऑफिसात होते.
भोंगा, पितळी बिल्ले, लाल शाईची दौत.
लहानपणी विचारलं होतं,
उशिरा येणाऱ्याचं काय करता?
म्हणाले, घड्याळ पुसायला घेतो.

मी यादीत सतरावा कोड घातला: इतर.
चाचणीपुरता. कोणी विचारलंच
तर काढायचा राहिला म्हणायचं.
वापरायला कोणाला शिकवला नाही.
तिसऱ्या दिवशी सगळ्यांना येत होता.

जूनमध्ये बंगळुरूचा कॉल.
बाकी शहरांत एक टक्का, दीड टक्का,
नागपुरात अकरा.
हे इतर म्हणजे नेमकं काय?

मी म्यूट काढला.
मागे फोर्कलिफ्ट पीं पीं करत रिव्हर्स येत होती.
डेटा बघून सांगते, म्हटलं,
आणि खरोखरच बघायला केबिनबाहेर आले.

रंजू उलट्या क्रेटवर, तळवा गुडघ्यावर.
टेंभुर्ण्यांचा हात वरच्या फळीपाशी
अर्ध्यात थांबलेला.
माझ्या गळ्यातल्या दोरीकडे बघत म्हणाले,
"काढू का म्याडम,
का मोजून रायल्या अजून?"