शेवटचा खांब

नाशिकरोडच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या पडद्यावर दात्याणे फीडर
एक रेघ आहे. अकरा हजार व्होल्टची.
तिला त्रेचाळीस रोहित्रं लटकलेली
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी,
आणि दोरी शेवटाकडे वाकलेली.

वाकते ती दोरी नाही, दाब.
सबस्टेशनपाशी दोनशे अडतीस,
शाळेपाशी दोनशे अठरा,
आणि रेघ संपते तिथे, संध्याकाळी साडेसातला,
एकशे सत्याऐंशी.
तिथे एक पिठाची गिरणी आहे.
प्रोग्राममध्ये तिचं नाव लोड ३१७.

मला सहा महिन्यांचं काम दिलंय:
या रेघेवर सूर्य कुठे कुठे बसवायचा ते सांग.
किती किलोवॅट, कोणत्या खांबाशी,
तार तापू नये, दाब फुगू नये,
गळती उतरावी.
गळती म्हणजे वाटेत हरवलेली वीज.
चोरीची वेगळी, तिला दुसरा रकाना;
ही नुसती चालून चालून संपलेली.

प्रोग्राम रात्रभर आकडेमोड करतो
आणि सकाळी एकच गोष्ट सांगतो:
शेवटाकडे ठेवा.
थोडंच ठेवा, पण शेवटाकडे.

अर्ज मात्र शेवटाकडून येत नाहीत.
अर्ज येतात जिथे छप्पर मोठं.
कोल्ड स्टोरेजचा पाचशे किलोवॅटचा,
सबस्टेशनच्या कुंपणाला खेटून.
पॅकहाऊसचा तीनशेचा. लॉन्सवाल्याचा शंभराचा.
जो आधी येईल त्याला आधी, असा नियम.
द्राक्षांचा हंगाम सरला, लग्नतिथी नाही,
अशा मंगळवारी दुपारी बारा वाजता
या सगळ्यांची वीज मागे फिरते,
आल्या वाटेने सबस्टेशनला चढते,
आणि माझ्या तक्त्यात बाणाचं टोक
शंभर वर्षांची सवय मोडून उलटं होतं.
मी खाली लिहिते: क्षमता संपली.

त्या कागदाची प्रत घेऊन वायरमन पेखळे आले.
"मॅडम, सही तुमचीच ना?
हमीदाबी तांबोळींचा अर्ज. पाच किलोवॅटचा.
पाच."
मग पाणी प्यायले, आणि बसले नाहीत.
"माझे वडील पाटकरी होते, चारीवर.
पाळी शेपटाकडून सोडायचे.
तोंडाशी बसलेल्याला पाणी लागतंच हो,
त्याला कसली आलीये पाळी?"

मी गेले. संध्याकाळची वेळ साधून.
गिरणीतला दिवा शिळ्या हळदीच्या रंगाचा,
पट्टा घसरत होता, मोटर कण्हत होती.
हमीदाबींनी कान दिला, म्हणाल्या,
"आज नव्वदच्या अलीकडं-पलीकडं.
आता बाजरी जाडी येणार, बायका मला बोलणार."
मी पिशवीतून मीटर काढला, तारा लावल्या.
एकशे एकोणनव्वद.
"बघा," त्या म्हणाल्या, आणि पीठ चिमटीत धरून दाखवलं.
घरी येईपर्यंत ते माझ्या बोटांत खरखरत होतं.

मी टिपण लिहिलं: शेवटच्या बारा खांबांसाठी
काही क्षमता राखून ठेवावी.
सोबत आलेख जोडला, गळतीचा, दाबाचा.
चिमटीभर पीठ जोडता येत नाही.
नऊ दिवसांनी टिपण परत आलं,
हिरव्या शाईत: नियमात बसत नाही. चर्चा करा.
'चर्चा'खाली रेघ.
तीही शेवटाकडे थोडी वाकलेली.

चर्चा गुरुवारी आहे.
आज संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी लोड ३१७ खोडलं, तिथे टाइप केलं: हमीदाबी.
प्रोग्राम थांबला. लाल चौकट आली.
या रकान्यात फक्त आकडा चालेल.
मी पाच लिहिले.