एक जून

मांजरा आटली की काठ उघडा पडतो :
वर काळी, खाली पिवळसर गाळ, त्याखाली गोटे,
आणि गोट्यांत रुतलेलं
पाणघोड्याच्या जबड्याचं अर्धं हाड.
हो, पाणघोडा. इथं.
ज्या लातूरला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं
त्याच्याच खालच्या अंगाला.

हरणाबाईंनी चाळणी थांबवली
तेव्हा वाटलं, खडा असेल.
दाढ होती. हरभऱ्याएवढी.
देवणीकर बाई गुडघ्यांवर बसल्या,
भिंग लावलं आणि कितीतरी वेळ काही बोलेनात.
मुनीरनं ट्रॅक्टर बंद केला.
मला वाटलं, झालं, माणूस सापडला.
या खोऱ्यात दगडाची हत्यारं पोत्यानं मिळतात,
ती धरणारा हात कधी मिळत नाही.

बाईंनी दाढ उन्हात वळवली :
चार टेकड्या, दोन-दोनच्या ओळीत,
मधे चर, कुळव फिरवल्यासारखा.
"वानर," एवढंच म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत राहिल्या.
"वानर तर वानर," हरणाबाई म्हणाल्या,
"दाढ किती साबूत हाय बघा की.
माझ्या तर तीनच राहिल्यात."

वय काढायचं तर कुणाला विचारणार?
हाडात आता हाड उरलेलं नाही.
कोळशाचं घड्याळ पन्नास हजार वर्षांवर दमतं.
तळाचा काळा दगड सहा कोटींपलीकडचा,
त्याला विचारणं म्हणजे खापरपणजोबाला
पोराची इयत्ता विचारणं.

राहते वाळू.
वाळूचा कण शेवटचं ऊन विसरत नाही.
पुरला गेला की अंधारात साठवत बसतो
भोवतीच्या मातीतली बारीक आग, कणाकणानं.
पुन्हा उजेड दिसला की सगळं सांगून टाकतो,
एकदाच.
म्हणून काळ्या कापडाखाली लोखंडी नळ्या ठोकायच्या,
दोन्ही तोंडं घट्ट बांधायची,
आणि आत कुणी बघायचं नाही.

"वय काढायलाव म्हणं," हरणाबाई पाणी पीत म्हणाल्या.
"मग माझं काढा."
त्यांच्या आधारवर एक जून.
माझ्याही. मुनीरच्याही.
गुरुजींनी नावं घालताना
अख्ख्या गल्लीचा जन्म एका सकाळीत उरकला होता.
बाईंचा स्वतःचा हिशोब निराळा :
रझाकार गेले तवा माय परकरात होती,
बहात्तरला खडी फोडताना थोरली पोटात,
भूकंपाच्या रात्री थोरलीचं पयलं लेकरू
अंगावर पीत होतं, त्याच्यामुळं ती जागी, म्हणून सगळे वाचले.
देवणीकर बाईंनी वहीत रेघा ओढल्या,
काठाचे थर काढतात तशाच.
"सदुसष्ट," म्हणाल्या. "अधिक-उणे तीन."
हरणाबाईंना आकड्याचं काही वाटलं नाही.
अधिक-उणे मात्र दोनदा म्हणून घेतलं,
नवं जातं ओढून बघावं तसं.

डिसेंबरात, तांबड्या अंधुक दिव्याखाली, नळ्या उघडल्या.
आमच्या काळ्या मुलखात गारगोटी कमी,
चिमूटभर कण निवडायला तीन दिवस गेले.
पहिली : अठ्ठावन्न हजार, अधिक-उणे पाच.
दुसरी : एकसष्ट, अधिक-उणे सहा.
तिसरी : शून्य.
यंत्र पुन्हा लावलं. शून्य.
म्हणजे ही वाळू नुकतीच जन्मली.

तेव्हा आठवलं :
जेवणाची सुट्टी, बाभळीची विरळ सावली,
हरणाबाईंनी एका नळीची पट्टी सोडली होती,
वाळू तळहातावर ओतली होती,
बोटानं पसरून, डोळे बारीक करून
नेमकं काय लपवून नेतायत ते पाहिलं होतं,
आणि परत भरून, माझ्याहून नीट बांधून ठेवलं होतं.
मी भाकरी मोडत होतो. बघितलं होतं.
बोललो नाही.

देवणीकर बाई माझ्याकडे बघत होत्या.
रजिस्टर पुढं ओढलं :
नमुना तीन. रद्द.
कारण : ऊन.